चिकूची तीन भुंकणी आणि खालच्या काकूंची वही

हे प्रकरण पुण्यातल्या 28 फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीतलं, जून ते डिसेंबर 2024 मधलं. कुत्रीचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. लिहिण्याआधी चिकूच्या वरच्या आणि काकूंच्या खालच्या, दोन्ही घरांची परवानगी घेतली आहे. मी कुत्र्यांना वागणं शिकवते; छोट्या कुत्र्यांच्या भुंकण्यासाठी लोक मला बोलावतात तेव्हा बहुतेक घरांत जे चुकतं, ते इथेही चुकलं. काही अंशी माझ्याकडूनही चुकलं, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

चिकू साडेसहा किलोची, पांढरी, पावणेचार वर्षांची मादी. घरचे तिला 'पॉम' म्हणतात. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात, तशीच हीही. स्पिट्झ वळणाच्या छोट्या कुत्र्यांना माणसाने पिढ्यान्‌पिढ्या राखणीला ठेवलं. चाहूल लागली की ओरडायचं, हेच त्यांचं काम होतं. अशा कुत्र्याला दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दाराआड ठेवलं, की दिवसभर तिला कामच काम.

घरात पाच माणसं होती: आजी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या कामाच्या मावशी. मावशींना मी मुद्दाम घरात धरते, कारण पुढे त्यांचा वाटा मोठा आहे. चिकू नोव्हेंबर 2020 मध्ये, दोन महिन्यांची असताना आली. तेव्हा सगळे घरून काम करत होते, नातीची शाळा मोबाइलवर होती, आजी तर चोवीस तास घरी. म्हणजे पहिली तीन वर्षं ही कुत्री एकटी अशी कधी राहिलीच नाही. कोणी तिला एकटं राहायला शिकवलं नाही, कारण तशी वेळच आली नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी आजी सहा महिने अमेरिकेला गेल्या. मुलाला तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागत होतं, सून बँकेत, नात शाळेत. आठवड्यातले तीन दिवस चिकू सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेचारपर्यंत घरात एकटी राहू लागली.

तक्रार

मेमध्ये कमिटीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर कुत्रं ठेवता येणार नाही, असा त्याचा मजकूर. पत्रावर चार सह्या होत्या, पहिली खालच्या मजल्यावरच्या काकूंची.

वरच्या घरात या पत्राने संताप झाला. मुलगा म्हणाला, "कायद्याने हे आम्हाला कुत्रं काढायला लावू शकत नाहीत." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि भुंकणं हे तशा बंदीचं कारण ठरत नाही. चिकूचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस दोन्ही वेळेवर होते. त्याच सूचना कुत्र्याचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून मालकांनी काळजी घ्यावी, असंही सांगतात. ती बाजू त्या पंधरा दिवसांत कोणी वाचली नाही.

खालच्या काकांची एप्रिलमध्ये बायपास झाली होती, हेही वरच्यांना ठाऊक नव्हतं. दुपारी एक ते चार ही त्यांची झोपेची वेळ. मला ते पहिल्या भेटीत कळलं असतं, तर पुढचे दोन आठवडे वाया गेले नसते.

पहिली भेट आणि माझी चूक

जूनच्या मध्यावर मी गेले. बेल वाजवताच आतून एका दमात भुंकणं सुरू झालं, ते मी आत येऊन बसल्यावरही तीन-साडेतीन मिनिटं चाललं. सून दोन्ही हातांनी चिकूला उचलून "गप्प, गप्प" म्हणत होती, मुलगा "चूप!" म्हणून ओरडत होता. चिकूच्या दृष्टीने घरचे सगळेच भुंकत होते. मग नातीने डब्यातून बिस्किट काढून तिच्या तोंडात घातलं आणि ती शांत झाली.

त्या घरी दिवसाला किती वेळा बेल वाजते, ते आम्ही मोजलं. दूध, पेपर, कचरा घ्यायला येणाऱ्या ताई, मावशी दोनदा, इस्त्रीवाला, कुरिअर, किराण्याची डिलिव्हरी, नातीच्या मैत्रिणी. रविवारी आकडा चौदावर गेला. छोटा कुत्रा असला की घरचे त्याचं भुंकणं चालवून घेतात. तीस किलोचा लॅब्रेडोर दारावर असा झेपावला असता, तर त्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं असतं. साडेसहा किलोच्या चिकूला उचलून कडेवर घेतलं जातं, आणि तिला शिकायची संधी मिळत नाही.

मी ठरवलं की हे दाराचं भुंकणं आहे, आणि लगेच त्याचं शिक्षण सुरू केलं. माझी चूक ती हीच. मालकांनी "बेल वाजली की भुंकते" सांगितलं, मी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि मी घरात नसताना काय होतं हे विचारलंच नाही. मालक घरी असताना जे होतं तेवढंच मालकाला दिसतं. तक्रार करणाऱ्याला नेमकं उलटं ऐकू येतं.

वही

दोन आठवड्यांत दारावरचं भुंकणं थोडं कमी झालं होतं. घरचे खूश होते. तरीही कमिटीचं दुसरं पत्र आलं: "काहीही फरक नाही."

मग मी सुनेला म्हटलं, आपण दोघी खाली जाऊ. तिला जायचं नव्हतं. दोन महिने त्या घरांत बोलणं बंद होतं. आम्ही मिठाई वगैरे नेली नाही. सुनेने दारातच विचारलं, "काकू, नक्की केव्हा त्रास होतो ते सांगाल का?"

काकूंनी आतून एक शंभर पानी वही आणली. त्यात 22 एप्रिलपासूनच्या नोंदी होत्या. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आणि शेरा. शेरे थोडक्यात: "सलग", "थांबून थांबून", "रडल्यासारखं". मी वही चाळली तेव्हा बेलच्या वेळांच्या नोंदी फारशा नव्हत्याच. सकाळच्या दुधाच्या वेळेला काकू स्वतःच जाग्या असत, त्याचं त्यांना काही नव्हतं. नोंदी होत्या मंगळवार, बुधवार, गुरुवारच्या. सकाळी पावणेदहा ते अकरा, पुन्हा दुपारी एक ते तीन. मुलाचे ऑफिसचे तीन दिवस तेच.

"भुंकणं एक वेळ सोसतं," काकू म्हणाल्या, "ते रडणं ऐकवत नाही. ह्यांना झोप लागत नाही, आणि मला वाटतं वर त्या मुक्या जिवाला काहीतरी झालंय."

तक्रारदार म्हणून जिच्याकडे सगळे बघत होते, त्या बाईला चिकूचं दुःख घरच्यांच्या आधी ऐकू आलं होतं. सून तिथेच रडली.

त्याच आठवड्यात आम्ही जुना मोबाइल हॉलच्या कपाटावर ठेवून चित्रण केलं. घर बंद झाल्यावर दोन मिनिटं चिकू दाराशी बसून होती. चौथ्या मिनिटाला केकाटायला लागली, सातव्या मिनिटाला मान वर करून हेल काढून रडायला. दार खरवडणं, खोल्याखोल्यांतून फिरणं, पुन्हा दार. तिच्यासाठी ठेवलेलं पनीर सात तास तसंच पडलं होतं. दाराजवळची फरशी लाळेने ओली. एकट्याने कंटाळलेला कुत्रा खाणं सोडत नाही, घाबरलेला सोडतो. खाऊकडे ढुंकूनही न बघणं ही माझ्यासाठी सगळ्यात स्पष्ट खूण असते.

तीन भुंकणी

काकूंची वही आणि मोबाइलमधलं चित्रण समोर ठेवून आम्ही तीन रकाने आखले.

पहिलं भुंकणं दाराचं आणि गॅलरीचं: चाहुलीचं, थोडं भीतीचं. जोरात, दारावर झेपावत, कान पुढे. दुसरं मागणीचं: जेवताना ताटाजवळ, फोनवर बोलताना, बिस्किटाच्या डब्याकडे बघत. यात एक भुंक, थांबून तुमच्याकडे बघणं, पुन्हा एक भुंक. तिसरं एकटेपणाच्या घबराटीचं. ते घरच्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

तिन्हींवर उपाय वेगळे, काही तर एकमेकांच्या उलट. मागणीच्या भुंकण्याकडे दुर्लक्ष करायचं असतं. तेच घबराटीच्या बाबतीत केलं, "रडू दे, थकेल आपोआप" म्हटलं, तर कुत्रा रोज नव्याने घाबरायला शिकतो. "कुत्रा छोटा आहे, भुंकतो" या एका वाक्यात ही तिन्ही कोंबली की काहीच जागेवर येत नाही.

पर्याय

पट्टा. मला बोलावण्याआधी घरच्यांनी ऑनलाइन विजेच्या झटक्याचा पट्टा मागवून चार दिवस वापरला होता, हे दुसऱ्या भेटीत कळलं. चार दिवस भुंकणं थांबलं. पाचव्या दिवशी बेल वाजली तेव्हा चिकू सोफ्याखाली थरथरत होती, आणि कचरा घ्यायला आलेल्या ताई वाकल्या तशी आवाज न करता येऊन तिने त्यांच्या पदराला दात लावले. भुंकणं हा कुत्र्याचा इशारा आहे. तो बंद केला तर भीती तशीच राहते आणि कुत्रा थेट पुढच्या पायरीवर जातो. घरी बेल वाजली की मानेत कळ, एवढंच चिकू शिकली होती. पट्टा आम्ही त्याच दिवशी फेकला. एकटेपणाच्या घबराटीत तर अशा पट्ट्याचा विचारही करू नये.

स्वरयंत्राची शस्त्रक्रिया. कमिटीतल्या एकांनी सुचवली होती. ही शुद्ध क्रूरता आहे, यावर घरात क्षणभरही चर्चा झाली नाही.

गावी पाठवणं. मुलाच्या मामांचं सांगलीजवळ शेत आहे. तिथे मोकळं राहील, असं सगळ्यांनाच वाटत होतं. माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या कुत्रीला अनोळखी अंगणात, मोठ्या कुत्र्यांमध्ये सोडायचं, तेही तिला एकटेपणाचाच त्रास असताना. पर्याय कागदावर ठेवला, पण शेवटचा म्हणून.

आजींची वाट बघणं. घरच्यांना हा सगळ्यात सोयीचा वाटला. "आई ऑगस्टमध्ये येतील, मग घर रिकामं राहणार नाही." माझा विरोध होता, दोन कारणांनी. काकांना दोन महिने थांबा म्हणता येत नव्हतं. दुसरं, आजी आल्या तरी बासष्ट वर्षांच्या बाईने कुत्रीसाठी घर सोडायचं नाही, असं होऊ नये.

सून यावर काही दिवस गप्प होती. मग तिनेच सांगितलं, "ताई, करूया."

काय केलं: एकटेपणा

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आधी पशुवैद्यांकडे गेलो. रक्ततपासणी, थायरॉइड, कान, दात, सांधे. दातांवर कीट होतं तेवढं सोडलं तर ठीक. फिरताना ओढली की तिच्या घशातून खरखर यायची. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळपट्टा काढून छातीचा हार्नेस घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं. घबराटीसाठी औषधाचाही विषय त्यांनी काढला. घरच्यांनी नको म्हटलं. मी जोर दिला नाही. त्यावर पुढे येते.

पहिला नियम कठीण होता: शिकवणं चालू असेपर्यंत चिकूला ती सहन करेल त्यापेक्षा एक मिनिटही जास्त एकटं ठेवायचं नाही. रोज दोन मिनिटांचा धीर शिकवायचा आणि मग सात तास कोंडायचं, याने काही होत नाही. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस भागवायचे होते. मुलाने एक दिवस घरून कामाचा मागून घेतला. एक दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात. तिसऱ्या दिवशी मावशींनी आपली इतर कामं मागेपुढे करून साडेनऊ ते एक बसायचं कबूल केलं, वेगळे पैसे ठरवून. एकच्या पुढे तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी अभ्यासाला येऊन बसायची. खर्च झाला. पण काकूंच्या वहीत पहिल्याच आठवड्यात दुपारच्या रकान्यात रेघ आली, आणि कमिटीला दाखवायला तेवढं पुरलं. पंधरा दिवसांची मुदत तीन महिन्यांची झाली.

मग सराव. घबराट दार लागल्यावर नाही, त्याच्या वीस मिनिटं आधी सुरू होत होती: सुनेच्या डब्याच्या पिशवीची चेन, किल्ल्यांचा आवाज, चपलांचा कप्पा. आधी या खुणांचा अर्थ पुसला. दिवसातून दहा-बारा वेळा किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसून पेपर वाचायचा. चपला घालून भाजी निवडायची. आठवड्याभराने किल्ल्या वाजल्या तरी चिकू मान वर करेना.

नंतर दार. तीस सेकंद बाहेर, परत आत. परतल्यावर लाड नाहीत, बोलणं नाही. मोबाइलवर थेट चित्र बघत जिन्यात उभं राहायचं, आणि ती बिथरायच्या आत यायचं. एक मिनिट, चाळीस सेकंद, दोन मिनिटं, एक मिनिट. वेळ रोज वाढवत गेलो तर कुत्र्याला कळतं की दर वेळी अवघड होत जाणार, म्हणून वर-खाली. सून संध्याकाळी बँकेतून आल्यावर जिन्यात बसून भाजी मोडायची आणि फोनकडे बघायची. येणारे-जाणारे विचारत, ती सांगत असे. मला वाटतं सोसायटीचं मन तिथे वळलं. नोटीस फलकाने ते झालं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं, पाचव्यात वीस. आणि तिथे गाडी अडकली.

काय केलं: दार, गॅलरी, ताट

याला वेळ कमी लागला, म्हणून थोडक्यात.

बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवायचा आणि लगेच पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम कधीही उलटा नाही. घर शाकाहारी, म्हणून पनीर. नाहीतर उकडलेलं चिकन माझ्या हाताशी असतं. आवाज दिवसागणिक थोडा मोठा. मग खरी बेल, दाराबाहेर नात. मग बेल वाजली की हॉलच्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर जाणं: "चिकू, जागेवर!" भुंकू नको हे कुत्र्याला शिकवता येत नाही. त्याऐवजी काय कर, हे शिकवता येतं.

सोबत घरातल्या व्यवस्था बदलल्या. दाराबाहेर पाटी: "बेल वाजवू नका, फोन करा." दुधाची पिशवी कडीला. गॅलरीच्या ग्रिलला खालून दोन फूट हिरवी जाळी, म्हणजे रस्त्यावरची कुत्री आणि स्कूटर दिसणार नाहीत. सकाळचं दहा मिनिटांचं 'शी-शू उरकून आणणं' पंचवीस मिनिटांचं झालं, तेही सैल दोरीवर, तिला हवं तिथे हुंगू देत. दमवलं की कुत्रा गप्प बसतो, असं लोक सांगतात. कंटाळ्याच्या भुंकण्याला ते लागू पडतं. घबराट चालण्याने जात नाही, पण झोप सुधारते, तेवढं पुरे.

मागणीच्या भुंकण्यासाठी एकच: भुंकल्यावर काही मिळणार नाही, सतरंजीवर गप्प बसली की मिळेल. पहिले चार दिवस ती दुप्पट भुंकली. हे होणारच असतं. जे नाणं इतकी वर्षं चाललं ते आज का चालत नाही, म्हणून कुत्रा जास्त जोर लावतो. नेमकं त्याच वेळी कोणी बिस्किट दिलं, तर तो शिकतो की दुप्पट भुंकायचं असतं. म्हणून मी काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, चार-पाच संध्याकाळी त्रास वाढेल. वहीत त्या दिवसांपुढे काकूंनी लिहिलं होतं: "सांगितल्याप्रमाणे."

आजी आल्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आजी परतल्या. चिकूने त्यांच्या पायांत लोळण घेतली, आणि दोन दिवसांत ताटाजवळचं भुंकणं परत सुरू झालं. आजींचा हात चालायचा. "लेकरू मागतंय, त्याला कसं नाही म्हणू?"

त्यांना नियम ऐकवून उपयोग नव्हता. सहा महिने नातवाला मांडीवर घेऊन आलेली बाई ती, भरवणं हीच तिची माया. मी त्यांना बिस्किटाचा डबा बंद करायला सांगितलं नाही. उलट चिकूचा सगळा खाऊ त्यांच्या हाती दिला आणि फक्त जागा बदलली: "आजी, ती सतरंजीवर असली की तुम्हीच द्यायचं, तुमच्याशिवाय कोणी नाही." आठवड्याभरात चिकू जेवणाच्या वेळी स्वतःहून सतरंजीवर जाऊन आजींकडे बघू लागली. बिस्किटांच्या जागी पनीर आणि उकडलेलं गाजर आलं.

घरचे मात्र इथे ढिले पडले. आजी घरी, चिकू शांत, वहीत रेघाच रेघा. जिन्यातला सराव बंद. मी आजींनाच विचारलं, तुम्ही सकाळी कुठे जात होता आधी? त्या म्हणाल्या, देवळात, आणि शनिवारी भजनाला. "आता ही रडेल म्हणून जात नाही." सुनेने ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी सराव परत सुरू केला.

औषधाचा निर्णय

वीस-पंचवीस मिनिटांवर आम्ही तीन आठवडे अडकलो होतो. बहुतेक कुत्र्यांचा ताण पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो, आणि तेच ओलांडता येत नव्हतं. घरच्यांच्या मनात औषध म्हणजे गुंगी, कुत्रं पडून राहणार. पशुवैद्यांनी फ्लुओक्सेटिनबद्दल समजावून सांगितलं: हे झोपेचं औषध नाही, घबराटीची पातळी खाली आणतं म्हणजे शिकवलेलं डोक्यात शिरतं; परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात; आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही. ऑगस्टच्या शेवटी सुरू केलं. पहिल्या आठवड्यात भूक थोडी कमी झाली, मग पूर्ववत.

मधे गणपती आले. घरी गौरीही, दारात माणसांची रीघ, त्याआधी महिनाभर संध्याकाळी ढोलपथकांचा सराव. त्या दिवसांत शिकवायचं नाही, फक्त सांभाळायचं, असं ठरवलं. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, आलटून पालटून कोणीतरी सोबत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पंचवीसची चाळीस मिनिटं झाली, महिन्याच्या मध्यावर दीड तास. एका चित्रणात चिकू दाराशी पाच मिनिटं बसली, जांभई दिली आणि सोफ्यावर जाऊन झोपली. सुनेने ते चित्रण काकूंना पाठवलं.

दिवाळी आणि त्यानंतर

1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. फटाक्यांनंतर चिकू वीस मिनिटांवर आली. घरच्यांचा धीर सुटला होता. मी त्यांना जुलैचे आकडे दाखवले: तेव्हा वीस मिनिटांना पाच आठवडे लागले होते. या वेळी दीड तासावर यायला तेरा दिवस लागले.

डिसेंबरच्या मध्यावर चिकू साडेतीन तास एकटी, शांत राहू शकत होती. त्याहून जास्त आम्ही मागितलं नाही, आणि सात तास कधी मागू असं मला वाटत नाही. बेल वाजली की दोन-तीन भुंका, मग सतरंजी. अनोळखी माणूस घरात आला तर अजून अर्धा-एक मिनिट. तेवढं भुंकणं तिचं आहे, ते काढायचं नाही. कमिटीने पत्र मागे घेतलं. काकांची दुपारची झोप परत आली. आजी शनिवारी भजनाला जातात.

मी काय वेगळं करेन

पहिल्या भेटीआधीच रिकाम्या घराचं चित्रण मागेन. आता मागते, प्रत्येक घराकडून, तक्रार कसलीही असो.

तक्रारदाराला पहिल्याच आठवड्यात भेटेन. काकूंच्या वहीने जे सांगितलं ते मला चार भेटींत कळलं नव्हतं.

औषधाचा विषय जुलैतच लावून धरेन. "घरच्यांना नको आहे" म्हणून मी मागे सरले. चित्रणात लाळ, खरवडणं, न खाल्लेलं पनीर एवढं दिसत असताना ते सौजन्य चिकूला महागात पडलं, दोन महिने. डॉक्टर मी नाही, पण डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा एकदा ऐका, एवढं म्हणायचं माझं काम होतं.

मावशींना पहिल्या दिवसापासून शिकवणीत घेईन. मी त्यांना तिसऱ्या आठवड्यात विचारलं, तोपर्यंत त्या दार उघडताना चिकूला पायाने मागे सारत होत्या. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

हे लिहितेय डिसेंबर 2024 मध्ये. धाकट्या लेकीने आजींना परत बोलावलंय, बाळाला सांभाळायला. मार्चमध्ये त्या चार महिन्यांसाठी जातील. या वेळी जानेवारीपासूनच आठवड्यातले दोन दिवस आजी दिवसभर मोठ्या लेकीकडे जाऊन राहणार आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची वेळ ठरली आहे, आणि औषध निदान मेपर्यंत चालू ठेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. काकूंनी नवीन वही आणली आहे.